उणे चाळीस

पेंढ्यात बांधलेली बियाण्याची मुडी लाडूनं खांद्यावर घेतली, तशी त्याची बायको फुला दारात आडवी उभी राहिली.

"बी कुठं चाललं?"

"रामनगरला, इकाया. कंपनीचं देणं झालंय आपल्यावर."

"मग पेरायचं काय, मोबाइल?"

लाडूनं खांद्यावरची मुडी नीट सावरली. त्याचा जीव टांगणीला लागला होता. मधाच्या पैशांतून, भाच्याच्या नादानं त्यानं वीस शेअर घेतले होते, पाचशेला एक. आज मोबाइलवर लाल अक्षरांत उणे चाळीस आलं. आता उणे म्हणजे काय हे नंदिगड्ड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. देवळाच्या कोठारातून कुणी भात उसनं नेलं की त्याच्या नावापुढं उणे मांडतात, आणि सुगीत तेवढं परत घालावंच लागतं. म्हणजे शेअरमागं चाळीस, विसाचे आठशे. उद्या आकडा वाढला तर म्हैसही जायची. ओसरीवर बसलेला परशुराम दहावी पास, त्यात पंचायतीचा मेंबर. त्यानंही मान डोलावली होती.

"भरून टाक बाबा. कंपनी हाय ती, देवावाणी थांबायची न्हाई."

"दावा बघू मला," फुला म्हणाली. तिला अक्षर येत नव्हतं, पण आकडे यायचे. सगळ्या वाडीचं भात मापायला तीच लागायची. "ह्यो वरचा मोठा आकडा?"

"चारशे साठ."

"काल किती हुता?"

"पाचशे."

"मग उतरला किती?"

लाडू बोटं मोजू लागला. परशुरामाचं आधीच मोजून झालं होतं, पण तो वाटेकडं बघू लागला.

"त्येच चाळीस हाय ह्ये," फुला म्हणाली. "कालच्यापरीस किती खाली आला त्ये सांगतंय. मागत न्हाई कोण."

लाडूच्या जिवात जीव आला, पण अर्धाच. "आन असाच उतरत शून्याच्या खाली गेला तर? तवा तरी द्यावंच लागंल न्हवं?"

फुलानं कोपऱ्यातली भात मापायची पायली उचलली. त्या घरात पायली कधी रिकामी ठेवत नसत, तळाला मूठभर भात असायचंच. तिनं ते सुपात ओतलं. लाडू "अगं, अगं" करत पुढं आला. तिनं पायलीच्या बुडावर दोन थापा मारल्या आणि ती परशुरामापुढं धरली.

"मेंबर, ह्यातनं मूठभर काढा."

"रिकाम्यातनं काय काढू वैनी?"

"मग कंपनी तरी काय काढंल? पार बुडाला शेअर, तर आपलं दहा हजार गेलं, त्ये रडून घेऊ. त्याच्या खाली कायबी न्हाई."

लाडूनं मुडी खाली ठेवली. शेअर उतरल्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. उळवीच्या जत्रेत रथाच्या दोराला हात लागला होता, तेव्हाही त्याची छाती एवढी फुगली नव्हती.

परशुराम चपला शोधत उठला. "वैनी, किती शिकलाय ओ तुम्ही?"

फुला खाली बघत पायलीत परत मूठभर भात टाकत होती. ती तोंड उघडायच्या आत लाडूच बोलला, पार वाटेवरच्या माणसांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"दुसरी नापास हाय ती."