नवे मालक

परदेशातून येऊन देश बघत फिरणारी ती मुलगी वाटखर्चासाठी काकूंच्या शिवणकामाच्या दुकानात कामाला राहिली होती. व्हिसाची अट एकच, पण कडक: एका मालकाकडे सहाच महिने. ते आज संपत होते. गावात दुसरीकडे काम मिळेना, म्हणजे आता मुकाट्यानं घरी परत.

"भटके, उद्यापासून तू माझ्याकडे कामाला नाहीस," दोऱ्याचं रीळसुद्धा हिशेबानं संपवणाऱ्या काकू मान वर न करता म्हणाल्या. "सकाळी निघण्याआधी तोंड दाखवून जा."

सकाळी ती बॅग घेऊनच आली. गल्ल्यावर काका बसले होते! तीस वर्षांत काकूंनी ज्यांना गल्ल्याला हात लावू दिला नव्हता, त्या काकांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता.

"हिनं मागच्याच आठवड्यात दुकान माझ्या नावावर केलंय," काका घसा खाकरून म्हणाले. "नव्या मालकाला काजं-बटणं करायला माणूस हवंय. येतेस?"

तिनं बॅग खाली ठेवली.

मशीनमागून काकूंचा आवाज आला, "अहो मालक, खुर्चीत फार रमू नका. तुम्हालाही सहाच महिने!"