पडण्याचा धडा

"आधी गुडघा, मग कंबर, मग खांदा. डोकं सगळ्यात शेवटी," असं म्हणत बाई चौथ्यांदा पडून दाखवायला निघाल्या.

चाळीस वर्षं रंगभूमीवर बाई शेकडो वेळा पडल्या होत्या. विष पिऊन, गोळी लागून, एकदा तर नुसती बातमी ऐकून. आता त्या अभिनय शिकवत, आणि पडणं हा त्यांचा हातखंडा होता. पण या वेळी चटईच्या कडेत अंगठा अडकला. गुडघा, कंबर, खांदा सगळं एकदमच खाली आलं, आणि त्या सगळ्याखाली डावा हात.

"अगं आई गं!"

वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला.

"अरे, खरंच पडले मी!"

"वा! काय सूर लागलाय," पुढे बसलेला देखणा विद्यार्थी वहीत टिपून घेत म्हणाला.

"मेल्यांनो, हात मोडला माझा!"

टाळ्या आणखी वाढल्या. खोटं कशाला सांगा, त्या ऐकून बाईंनी तशातही वाकडा पडलेला पाय हळूच नीट केला.

तेवढ्यात पोस्टवाली उठून पुढे आली. पोस्टाच्या खिडकीवर काम करणारी ही विद्यार्थिनी सहा महिने वर्गाला येत होती आणि अजून दोन वाक्यं धड म्हणू शकत नव्हती. तिने जमिनीवर बसकण मारली, बाईंचं मनगट अलगद मांडीवर घेतलं आणि मागे न बघता म्हणाली, "टाळ्या बंद. टॅक्सी बोलवा कुणीतरी."

टॅक्सीत बाई कण्हतच म्हणाल्या, "एकालाही कळलं नाही गं. तुला कसं कळलं?"

पोस्टवाली अवघडली. "मी शेवटच्या रांगेत बसते, बाई. तुमचा आवाज रोज तिथपर्यंत खणखणीत येतो. आज निम्म्यातच गळाला."

हात ठणकत असतानाही बाईंना हसू फुटलं.

"खरं तर, वर्ग सोडते म्हणून सांगायला आले होते आज," पोस्टवाली खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मला नाही जमत हे."

बाई काही बोलणार, तोच टॅक्सी दवाखान्याशी थांबली.

डॉक्टरांनी प्लास्टरची पट्टी पाण्यात बुडवली. "कशा काय पडलात?"

बाईंनी सवयीने तोंड उघडलं, आणि मिटलं. "ही सांगेल."

पोस्टवालीने फरशीकडे बघत सुरुवात केली. "चटई होती... म्हणजे, तिची कड जरा वर आली होती." ती कड दाखवायला तिचा हात उठला, तो मग खाली आलाच नाही. पाठोपाठ मानही वर झाली. अंगठा अडकला, टाळ्या वाजल्या, देखण्याने हवेतल्या हवेत वही भरली. डॉक्टरांच्या हातातली पट्टी टपटप गळत राहिली. शेजारच्या खोलीतली नर्स ट्रे घेऊन आली ती तिथेच थबकली. "मेल्यांनो!" हे पोस्टवालीने असं काही म्हटलं, की दारातून डोकावणारा एक म्हातारा पेशंट खोकला विसरून हसायला लागला.

श्वास घ्यायला ती जराशी थांबली.

बाई मोडका हात विसरून स्टुलाच्या अगदी कडेवर आल्या होत्या.

"अगं, थांबलीस काय? मग पुढे काय झालं?"