घामाचा वास

बाळ झोपायचं ते सांभाळणाऱ्या मावशींच्या छातीशी, त्यांच्या झोळीतच. आईनं घेतलं की रडून घर डोक्यावर घ्यायचं.

"मलाही शिकवा ना झोळी बांधायला," एके दिवशी आई म्हणाली.

मावशींनी आपल्या जुन्या साडीचं ते कापड तिच्या खांद्यावरून घेतलं, पाठीवर गाठ मारली आणि बाळाचं डोकं तिच्या छातीला टेकवलं.

"कापड आज इथंच राहू दे. धुऊ नका," आई म्हणाली.

"अहो वहिनी, माझ्या घामाचा वास मारतोय त्याला!"

"बाळाला तोच लागतो."

"गुलाम कुठला!" मावशी हसल्या.

बघता बघता बाळाचा डोळा लागला. आईजवळ, पहिल्यांदाच. मावशींनी पदरानं डोळे टिपले.

"मावशी," आई कुजबुजली, "उद्यापासून येऊ नका. आणि जाताना दार हळू लावा, उठेल तो."