दुसऱ्या टोकाचा आकडा

“वहिनी, सोलरच्या कंट्रोलरवरच्या आकड्यावर जाऊ नकोस, मीटर थेट बॅटरीला लाव,” असं नणंद बजावायची आणि मी हसण्यावारी न्यायचे. आज दुपारी कंट्रोलर बॅटरी भरल्याचं सांगत असतानाच बाळाचं वाफेचं यंत्र बंद पडलं. धाप लागलेल्या बाळाला कडेवर घेऊन मीटर लावला. कंट्रोलरवर चौदा व्होल्ट, बॅटरीवर जेमतेम अकरा. म्हणजे चोर मधल्या वायरीत. पॅनेलचा खटका पाडून बॅटरीवरचा नट उघडला, तर खाली पांढरा क्षार साचलेला. घासून काढला, नट आवळला, खटका वर केला. आकडे जुळले, यंत्र घरघरलं. नणंदेला फोन करून सांगितलं. “जमलं की, मिस्त्रीणबाई,” ती हसली. “तू कशी आहेस?” मी विचारलं. “मजेत.” तिचं ऑपरेशन झाल्यापासून ती एकटीच राहते, नेहमी हेच सांगते. हा तर कंट्रोलरवरचा आकडा. बाळाची धाप थांबताच त्याला घेऊन तिच्याकडे निघाले. तुमचंही कुणी ‘मजेत’ असेल, तर आजच जाऊन बघा.