कठड्याच्या आत

पिशोरचा सोनाजी औरंगाबादच्या प्राणिसंग्रहालयात वाघाच्या पिंजऱ्यापुढं राखणदार होता. पिंजरा आणि लोखंडी कठडा यांच्यामध्ये माणूसभर रुंद मोकळी पट्टी होती. तिथं कुणी उतरू नये, एवढंच त्याचं काम.

सत्त्याऐंशीचा उन्हाळा लागला तसा वाघ त्या रिकाम्या पट्टीकडं बघू लागला. पट्टीतून कुणी सावकाश चालत असावं, तशी त्याची मान एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं फिरायची. मग तो मागच्या भिंतीला अंग चिकटवून बसायचा. मांसाला तोंडसुद्धा लावीना.

सोनाजीनं साहेबांच्या कानावर घातलं. त्यांनी कठडा छातीइतका उंच करून दिला.

"आता कुणी आत जायचं नाही," साहेब म्हणाले.

आत जाणाऱ्याची भीती सोनाजीला नव्हतीच.

एका दुपारी बायको बानाबाई भाकरी घेऊन आली आणि कठड्याला टेकून वाघ बघू लागली. वाघाची मान फिरत फिरत तिच्यासमोर येऊन थांबली. मग त्याची नजर कठड्यावर चढली आणि हळूच अलीकडं उतरली.

"बाने, सरक तिथून! घरला जा!" सोनाजी ओरडला.

"जाते की. वरडता कशाला?" ती रुसून फाटकाकडं निघाली.

वाघ उठला, गजांपाशी आला आणि कितीतरी दिवसांनी मांस खाऊ लागला.

दोन्ही हातांनी कठडा धरून सोनाजी तिच्या पाठीकडं बघत राहिला. लांब फाटकाजवळ बानाबाई थबकली. मागं न बघताच लाजून हसली.

"अवो, पदर सोडा की. लोक बघत्यात."