घासलेला तवा

शालीकराम मिस्त्रीने तव्यावरून बोट फिरवलं. बोटाला गंज लागला.

“याचा काळा रंग कुठं गेला, केवळभाऊ?”

उद्या गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. केवळरामच्या घरी वीस-पंचवीस पाव्हणे, त्यात लेकीच्या सासरचे, आणि सकाळपासून एक धिरडं धड उलटत नव्हतं. सगळी तव्यालाच चिकटून बसत होती. तवा मूळचा ट्रॅक्टरच्या वखराच्या गोल पात्याचा, माती कापून कापून झिजलेला. शालीकरामनेच सहा वर्षांपूर्वी त्याचं मधलं भोक वेल्डिंगने बुजवून, दोन कड्या लावून, अंगणातल्या चुलीसाठी करून दिला होता. तेव्हाच त्याने बजावलं होतं, याला घासायचं नाही. चिंधीने पुसायचं आणि तेलाचा हात फिरवायचा. सहा वर्षांच्या तेलाने तवा असा काळाभोर झाला होता की धिरडं नुसत्या फुंकरीने सुटावं.

उन्हाळ्यात शालीकरामच्या मुलीचं लग्न झालं, तेव्हा तवा त्याने मागून नेला. केवळराम बौद्ध मोहल्ल्यात जाऊन पंगतीला बसला, दोनदा भाजी मागून घेतली, आणि आपल्या गावात आता भेदभाव राहिला नाही, असं चार लोकांत म्हणालाही. तिसऱ्या दिवशी तवा परत आला, नीट पुसलेला, तेल लावलेला. केवळरामने तो घरामागच्या विहिरीवर नेला आणि विटेच्या तुकड्याने, वाळूने तासभर घासला. पार पांढरा होईपर्यंत.

“काऊन घासून राहिले? साफ तं हाये,” बायको म्हणाली होती.

“आईले चालत नाही,” तो म्हणाला होता. आईने बिचारीने विचारलंही नव्हतं. मग तवा पावसाळाभर गुरांच्या कोठ्यात पडून राहिला, आणि आता तोच घेऊन केवळराम निलाजऱ्यासारखा शालीकरामच्याच दारात बसला होता. हे काम दुसऱ्या कोणाला जमणारं नव्हतं.

“घरात नवीन सून हाये ना,” तो म्हणाला. “तिले का समजते. टाकला घासून.”

सुनेने तव्याला हातसुद्धा लावला नव्हता. बोलता बोलता त्याचे कान तापले. शालीकरामने पॉलिश पेपरने गंज काढला, चुलीत लाकडं सारली आणि तवा वर चढवला. त्याच्या बायकोने, प्रेमिलाने, चहा आणून दिला. केवळरामने तो सगळ्यांना दिसेल असा, घोट घोट घेत संपवला. तवा तापून निळसर होऊ लागला. आपलं खोटं पचलं असं वाटून त्याच्या जिवात जीव आला.

शालीकरामने जवसाच्या तेलाची वाटी आणली, चिंधीचा बोळा केला आणि दोन्ही केवळरामपुढे धरलं.

“तेल तुमीच लावा.”

“काऊन? तूच लाव ना, तुहा हात बसला हाये.”

शालीकरामचा आवाज जराही चढला नाही. “माह्या हातचं तेल लागलं, तं घरी जाऊन तुमी पुन्हा घासान.”