मेहुण्याच्या पात्राबद्दल माझं स्पष्ट मत

ताईने मला घराबाहेर काढलं. म्हणजे तसं काही झालेलं नाही. मी जिन्यात जरा मोकळ्या हवेत बसलोय, इतकंच.

भावोजी आणि मी, दोघेही कादंबरी लिहितो. दर रविवारी एकमेकांना एकेक प्रकरण वाचायला द्यायचं आणि मनात काहीही न ठेवता मत सांगायचं, असा आमचा नियम आहे. त्यांच्या कादंबरीत नायकाच्या घरी त्याचा मेहुणा तीन वर्षांपासून मुक्कामाला आहे. तो दुपारी बाराला उठतो, ओला टॉवेल खुर्चीवर टाकतो आणि "महिनाभरात बघतो कुठेतरी खोली," म्हणतो. हे पात्र भावोजींनी कुठूनतरी चोरलंय असा मला पहिल्यापासून संशय होता. इतकं जिवंत त्यांना स्वतःहून सुचणं शक्यच नाही.

काल मी सांगूनच टाकलं, "राग मानू नका भावोजी, पण हा मेहुणा कथेत करतो काय? नुसता खातो. उडवा त्याला."

"अरे, पण नायकाच्या बायकोचा सख्खा भाऊ आहे तो. तिला वाईट वाटेल ना!"

"छे हो, सुटल्यासारखं वाटेल. मी तर म्हणतो, तिनेच त्याची बॅग भरावी."

स्वयंपाकघरातून ताईने विचारलं, "नक्की का रे?"

"शंभर टक्के, ताई!"

भावोजींनी माझी सूचना पहिल्यांदाच वहीत लिहून घेतली. संशय खरं तर तेव्हाच यायला हवा होता. आज बाराला उठलो, तर ताईने भरलेली माझी बॅग जिन्यात ठेवलेली होती.



तरी कालचा अभिप्राय रद्द समजून सदर मेहुण्यास कादंबरी पूर्ण होईपर्यंत मागच्या खोलीत राहू द्यावे, ही लेखकमहोदयांस नम्र विनंती.